अण्णांचा मांजरपाट

चार हौशी फोटोग्राफर एकत्र आले, की फोटो निघतात थोडे आणि किस्सेच जास्त! आमच्या बंगलोरच्या कॅमेरा क्लबाचा मी सेक्रेटरी होतो, म्हणजे किती साठले असतील बघा. सेक्रेटरीचं काम एकच: सगळ्यांवर वैतागायचं.

क्लबाचे अध्यक्ष अण्णा, चिकपेटेतले कापडाचे व्यापारी. दुकानामागची खोली त्यांनी "सरी!", म्हणजे कानडीत "ठीक!", एवढंच म्हणून आम्हाला दिली होती. कॅमेऱ्याला मात्र स्वतः कधी हात लावला नाही. आम्ही कुणाचा फोटो काढायला लागलो, की ते कडेला उभं राहून दुकानातल्या पांढऱ्या मांजरपाटाचं कापड ताणून धरायचे आणि चेहऱ्यावर उजेड पाडायचे. लालबागेतलं एकेक झाड आमच्या आल्बमात होतं, अण्णा कुठल्याच फोटोत नव्हते! एकदा तरी त्यांच्यासकट सगळ्या क्लबाचा फोटो काढा, असं मी वर्षानुवर्षं ओरडत होतो. ऐकतो कोण!

*

सुरुवातीला आमची डार्करूम म्हणजे अण्णांचं न्हाणीघर. एकदा आत सहलीची फिल्म धुणं चाललं होतं. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, खाडकन दार उघडलं. फिल्म काळीठिक्कर!

आम्ही किंचाळलो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "स्वल्प पाणी घेते आणि जाते. तुम्ही चालू द्या की!"

*

नंदीच्या डोंगरावर सूर्योदय टिपायला गेलो, तर लाइट मीटर सगळ्यांत मिळून एक, तोही गोगट्यांचा. गोगटे पुण्याचे, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. ते प्रत्येकाला मीटर देण्याआधी तो कसा धरायचा हे समजावून सांगायचे! माझी पाळी आली तेव्हा लोक टोप्या घालून सावली शोधत होते.

"आता भरपूर उजेड आहे," गोगटे म्हणाले, "मीटर कशाला हवा?"

*

हेच गोगटे मासिक स्पर्धेत सगळ्यांच्या फोटोंना झोडपायचे. फोटोंवर नावं नसायची. एकदा एका तळ्याच्या फोटोवर ते तुटून पडले. "क्षितिज तिरकं! हा माणूस कॅमेरा धरतो की सूप?"

फोटो त्यांचाच निघाला. मग म्हणाले, "बघा, मी पक्षपात करत नाही!"

*

पुढे परदेशी फिल्म मिळेनाशी झाली. एकेक रोल गणपतीपासून रामनवमीपर्यंत पुरवायचा! नेमक्या त्याच दिवसांत अण्णांनी दुकान विकलं आणि ते दोघं कायमचे हुबळीला लेकीकडे निघाले. मी हट्टालाच पेटलो: आज ग्रुप फोटो झालाच पाहिजे. अख्ख्या क्लबात फिल्म शिल्लक होती ती गोगट्यांच्या कॅमेऱ्यात. एकच फोटो निघेल एवढी!

अंगणात खुर्च्या मांडल्या, अण्णांना मधे बसवलं. गोगट्यांनी ट्रायपॉड लावला. स्वतःला फोटोत येता यावं म्हणून ते टायमर लावणार होते.

एवढ्यात कुणीतरी उठलं. "फ्रेम जरा बघू." दुसरा म्हणाला, "डावीकडे घ्या." तिसरा ट्रायपॉडच खाली करायला धावला. "उठू नका!" म्हणून मी ओरडत होतो, आणि ओरडता ओरडता मीही कॅमेऱ्यामागे पोचलो होतो. सगळा क्लब तिथे वाद घालत असताना कुणाचा तरी हात लागला.

खट्ट!

मला रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये फोटो हळूहळू उमटला. रिकाम्या खुर्च्यांची रांग. मधे एकटे अण्णा, आणि सवयीनं मांजरपाट ताणून त्या खुर्च्यांवर उजेड पाडतायत.

गोगट्यांनी फोटो खूप वेळ न्याहाळला. "चूक सापडत नाही," एवढंच म्हणाले.

अण्णांनी चष्मा पुसला, ट्रेवर वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "सरी! सगळे छान आलात की!"