कुठल्या गावचा टँकर?

‘पोर किती महिन्यांची?’

हा प्रश्न मी सकाळपासून चाळीस वेळा तरी विचारला होता. मे महिना संपत आला होता. अहमदपूरच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या पत्र्याखाली आमचा कॅम्प चालू होता. समोरच्या सतरंजीवर एका बाईनं कडेवरची पोर उतरवली आणि पदरानं तोंड पुसलं.

‘टँकर आल्ता तवा झाली,’ ती म्हणाली. ‘पहिला टँकर आल्ता ना, त्याच हप्त्यात.’

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं माझं कॅलेंडर लावलेलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. नोकरी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. पाट्या लागल्या होत्या, पण माझ्या कामाचं माणूस तिकडे अजून नेमलेलं नव्हतं, म्हणून कॅम्पपुरती मला नांदेडहून उसनी नेत. काम होतं लहान मुलांचं ग्रॉस मोटर असेसमेंट. नाव मोठं आहे, काम सोपं. मूल मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, बसतं, रांगतं, उभं राहतं, चालतं कधी, हे बघायचं. प्रत्येक गोष्टीला ठरलेले महिने असतात. थोडं मागे असेल तर चालतं. फार मागे असेल तर कारण शोधायचं.

यात सगळा खेळ वयाचा. चौदा महिन्यांचं मूल चालत नसेल तर मी त्याच्या आईला धीर देते. सव्वीस महिन्यांचं मूल चालत नसेल तर त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेते. पोर तीच, अंग तेच, फरक फक्त कार्डावरच्या आकड्याचा.

आणि वय कुणाला ठाऊक नसे. जन्माची नोंद क्वचित. म्हणून मी युक्ती काढली. गावात गेल्यावर आधी अंगणवाडीच्या बाईंना आणि दोन म्हाताऱ्यांना धरून बसायचं, गावातल्या ठळक गोष्टी महिन्यांसकट कागदावर लिहून काढायच्या आणि तो भिंतीवर लावायचा. हेच माझं कॅलेंडर. जिल्हा झाला. शाळेवरचे पत्रे उडाले. पहिला टँकर आला. गुरांची छावणी लागली. मग आईनं नुसतं ‘पत्रे उडाले तवा’ म्हटलं तरी वय मिळायचं.

त्या दिवशी लातूरहून आरोग्य खात्याचे साहेब आले होते. कागदासमोर बराच वेळ उभे राहिले.

‘मॅडम, हे डोकं कुणाचं?’

‘माझंच, साहेब.’

‘झकास! अख्ख्या जिल्ह्यात लावू आपण हे.’

मी मोडेन पण वाकणार नाही अशा स्वभावाची बाई, पण कौतुकानं मीही फुगते. दिवसभर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

तर टँकर. कागदावर लिहिलं होतं: पहिला टँकर, गेल्या साली, गुढीपाडव्याच्या सुमारास. मी बोटांवर मोजलं आणि कार्डावर लिहिलं, चौदा महिने. पोरीचं नाव शेवंता. आईचं सुभद्रा.

शेवंताला उताणी निजवून मी तिचे दोन्ही हात धरले आणि हळूच वर ओढलं. मान थोडी मागे राहिली, मग आली. एकटी बसली, छान बसली. रांगायला ठेवलं तर पोटावरच पसरली. काखेत धरून उभी केली तर पाय टेकवले, पण गुडघे लगेच वाकले. अंग सैल होतं. पोट पुढे, बेंबी बाहेर. दात दोन. कातडी कोरडी. जीभ थोडी ओठांबाहेर.

हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्या सतरंजीवर सकाळपासून येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांची पोटं तशीच होती. दुष्काळात कातडी कुणाची मऊ असते? जीभ बाहेर म्हणजे तहान लागली असेल. दुष्काळ एवढा मोठा होता की प्रत्येक खुणेला तो एक उत्तर देत होता, आणि मला ते पटत होतं.

‘रडते का? रात्री जागवते?’ मी विचारलं.

सुभद्राचा चेहरा उजळला. ‘न्हाई बाई! लई गुणाची हाय माझी पोर. म्या खडी फोडून राहिले तर ही झाडाखाली दिवसभर झोळीत पडून असती. हूं न्हाई की चूं न्हाई. बाकीच्या बाया म्हनत्यात, तुझं नशीब काढलंय पोरीनं.’

रोजगार हमीच्या कामावर रडकं पोर म्हणजे मुकादमाच्या शिव्या. मलाही वाटलं, बरं आहे बाई, निदान पोर तरी शांत आहे. मी म्हणाले, ‘झोळीत कमी ठेव, खाली सोड. सुकडी दोन वेळा दे. चालेल हळूहळू.’

कार्डावर लिहिलं: वय चौदा महिने. गतिविकास थोडा मागे, कारण उपासमार. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे.

सहा महिन्यांनी आमचा कॅम्प दुसऱ्याच तालुक्यात होता.

संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील. नांदेडला माझ्या डिपार्टमेंटच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. कंधारकडच्या डोंगरातली. एक पोर तिच्या कडेवर आणि एक तिच्या लुगड्याला धरून. लुगडं धरलेली पोर आत आली तीच धावत. माझ्या व्यायामाच्या पायऱ्यांवर चढली आणि दोन्ही पायांनी खाली उडी मारली. म्हातारीनं कडेवरची खाली ठेवली. ती बसली आणि बसूनच राहिली.

‘डाक्टरीनबाई, ही माझ्या लेकाची अन् ही माझ्या लेकीची,’ म्हातारी म्हणाली. ‘दोघी एका हप्त्यातल्या. एक पळून राहिली, अन् एक बसून राहिली. कामून?’

मागून एक बाई आत आली. तिच्या हातात माझं कार्ड होतं, घडी पडलेलं. सुभद्रा. सणाला माहेरी आली होती.

कार्डावरच्या अक्षरावरून मला पोर आठवली. हिशेबानं शेवंता आता बावीस महिन्यांची. पण बावीस महिन्यांची पोर पायरीवरून दोन्ही पायांनी उडी मारत नाही. समोरची दुसरी पोर तीन वर्षांकडे आलेली होती. आणि दोघी एका हप्त्यातल्या.

‘आजी, या दोघी कधी झाल्या?’

‘पहिला टँकर आल्ता तवा. सुनेचं दुसरं, म्हनून ती घरीच बाळंत झाली. अन् हिचं पहिलटकरनीचं, ते माहेरीच व्हनार की.’

‘कुठला टँकर?’

म्हातारीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू डोकं तपासायची गरज मलाच होती. ‘आमच्या गावचा! दुसरा कुठला? आमचं डोंगरातलं गाव. हिच्या सासरच्या आधी एक साल आमच्या हिरी आटल्या.’

मी स्टुलावर बसले.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझी स्वतःची थोरली माझ्या आईकडे, अर्धापूरला झालेली. तरी मी सासरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून माहेरात झालेल्या पोरीचं वय काढलं होतं. कॅम्पला आली तेव्हा ती चौदा महिन्यांची नव्हती, सव्वीस महिन्यांची होती. एक अख्खं वर्ष मी माझ्या पेनानं खोडून टाकलं होतं.

तिला उचलून मी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी तिची जीभ पाहिली, मग बेंबी, मग विचारलं, ‘रडते का?’

‘न्हाई जी, लई गुणाची हाय,’ सुभद्रा म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

मनगटाचा एक्स-रे काढला. त्यात हाडांचे ठिपके मोजतात, मूल वाढतं तसे ठिपके वाढतात. शेवंताच्या मनगटात पुरत्या वर्षाच्या पोरीएवढेही ठिपके नव्हते. रक्त मुंबईला गेलं. उत्तर यायला वेळ लागला, पण डॉक्टरांना ते आधीच ठाऊक होतं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी तिच्या जन्मापासूनच नीट काम करत नव्हती. ती ग्रंथी मंद असली की मूल वाढत नाही, रडत नाही, चालत नाही. औषध म्हणजे रोज सकाळी एक बारीक गोळी, जन्मभर.

सुभद्रा बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, ‘आठ महिन्यांपूर्वी आणली असती तर?’

‘जन्मल्यावर काही आठवड्यांत गोळी मिळाली, तर मूल चारचौघांसारखं होतं. नंतर अंग भरून येतं, डोकं पुरतं भरून येत नाही. आठ महिन्यांनी थोडा फरक पडला असता.’

‘थोडा म्हणजे किती?’

‘तेच सांगता येत नाही, मॅडम.’

किती ते कळलं असतं तर बरं झालं असतं. तेवढं ओझं मापून उचलता आलं असतं. आजही ते आठ महिने मला सलतात.

मी सुभद्राला व्हरांड्यात गाठलं आणि सांगून टाकलं. तुझ्या पोरीचं वय मी चुकीचं लिहिलं. तेव्हाच इथं आणायला हवी होती. चूक माझी.

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं कार्डाची घडी घातली, पदराला पुसली आणि म्हणाली, ‘न्हाई बाई, माझंच चुकलं. म्या टँकर म्हनलं. कुठल्या गावचा ते सांगितलंच न्हाई.’

तिनं न रडता सांगितलेल्या त्या वाक्यानं मला घरी गेल्यावर रडवलं.

नंतर मी साहेबांना पत्र लिहिलं. ते शब्दाला जागले होते, माझं कॅलेंडर तोवर गावोगाव लागलं होतं. मी लिहिलं की बाळंतपण कुठं झालं ते विचारल्याशिवाय हा कागद वापरू नये. सुभद्राच्या सासरच्या गावची सगळी कार्डं घेऊन मी स्वतः पुन्हा गेले. आणखी दोघांची वयं चुकलेली निघाली. ती दोघं धडधाकट होती, ते त्यांचं नशीब. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

शेवंताला गोळी लागू पडली. जीभ आत गेली, दात आले, कातडी मऊ झाली. आणि ती रडायला लागली. पहिल्यांदा मोठ्यानं रडली तेव्हा सुभद्रा घाबरून तिला घेऊन दवाखान्यात आली. मी तिला सांगितलं, ‘रडू दे. हे चांगलं आहे.’ त्यानंतर सात महिन्यांनी माझ्या पॅरलल बारच्या दोन्ही दांड्यांना धरून शेवंता चालली, आणि मग न धरताही चालली. पाय माझ्या हातात होते, ते मी तिला दिले. बाकीचं माझ्या हातात उरलं नव्हतं.

काही वर्षांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला मायलेकी आल्या. शेवंता शाळेत जात होती, सलग तिसऱ्या वर्षी पहिलीत.

‘शाळेत कसं काय चाललंय?’ मी विचारलं.

‘ब्येस हाय की,’ सुभद्रा हसून म्हणाली. ‘मास्तर म्हनत्यात, लई गुणाची पोर. दिवसभर एका जागी बसून असती.’

त्या चुकीनंतर माझ्या कार्डावर वयाच्या आधी मी हातानं एक रकाना आखत आले: बाळंतपण कुठल्या गावी? आणि एखादी आई कौतुकानं म्हणाली, की पोर लई गुणाची आहे, रडतच नाही, तर मी ती पोर पुन्हा सतरंजीवर घेते आणि मानेपासून तपासायला सुरुवात करते.