स्वगताला हुंकार

मी बारामतीच्या एका शाळेत मराठी शिकवते. ‘स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशी केलेले बोलणे, ते प्रेक्षकांना ऐकू येते, रंगमंचावरच्या इतर पात्रांना नाही,’ ही व्याख्या मी वीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली. अंक, प्रवेश, नेपथ्य, सगळं तोंडपाठ. त्यामुळे पळसदेवजवळच्या आमच्या गावातल्या बायकांनी शिवजयंतीला ऐतिहासिक नाटक करायचं ठरवलं, तेव्हा ते लिहायला आणि बसवायला मीच पुढे झाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, हेही खरं.

नाटक एका किल्लेदाराच्या विधवेचं. गडाला वेढा पडलाय, दाणागोटा संपलाय, माणसं जगवायची तर गड सोडायला हवा. निघण्याआधी ती सदरेवर उभी राहून मनाशी बोलते. ही भूमिका आईनं मागून घेतली. आई चौथी शिकलेली, पण दोन दिवसांत तिनं स्वतःचेच काय, सगळ्यांचे संवाद पाठ केले.

अडलं ते स्वगतापाशी. मागे भाला घेऊन उभी असलेली पहारेकरीण, म्हणजे माझी चुलती, आईच्या प्रत्येक वाक्याला “व्हय” म्हणायची.

“काकू, तुला हे ऐकू येत नाही,” मी म्हटलं.

“चार हातांवर तर उभी हाय. हातात भाला हाय, कानात बोळा न्हाय.”

आमच्याकडे कुणी जिवाचं बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. न देणं म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान. मी चुलतीला दम देऊन गप्प केलं, तर आईच थांबायला लागली. पहिल्या वाक्यानंतर ती वाट बघायची आणि पुढचं वाक्य काही केल्या निघायचं नाही.

“विसरलीस का?”

“इसरले न्हाय. समोरनं हुं सुदिक येईना. बोलू कुणाशी?”

“स्वतःशी!”

“सोताशी बोलाया नटूनथटून फळीवर कशाला चढायचं?”

माझा स्वभाव तापट, आणि तो आईवर चटकन निघतो. रंगीत तालमीत ती तिसऱ्यांदा अडली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, उद्या ही भूमिका मी करते. घरी आल्यावर आईनं नाटकाच्या लुगड्याची घडी माझ्यापुढे ठेवली.

“तू ल्हिलंस, तुजंच हाय. पर ह्ये बोलणं मला करायचं व्हतं. जुनं गाव सोडलं तवा बोलायचं राहून गेलं.”

आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आई नवी नवरी होती. बैलगाडीत सामान भरताना नव्या सुनेला कोण विचारतं? स्वगत लिहिताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला लाज वाटली. लुगडं मी तिला परत दिलं.

शिवजयंतीला दुपार कलल्यावर शाळेच्या पटांगणात गाव लोटलं. पुढच्या सतरंजीवर जुन्या गावातून आलेली म्हातारी माणसं. मी विंगेत, हातात संहिता, समोर निवेदनाचा माईक.

आई सदरेवर आली. “ह्याच उंबऱ्यावर मी माप ओलांडलं,” ती म्हणाली, आणि थांबली. चुलती ओठ आवळून उभी. पटांगण चिडीचूप. आईनं विंगेकडे पाहिलं. पुढचं वाक्य माझ्या हातातल्या कागदावर होतं, ते हळूच सांगायचं एवढंच माझं काम.

“व्हय,” मी म्हणाले. माईक सुरूच होता. अख्ख्या पटांगणाला ते ऐकू गेलं.

आई पुढचं बोलली. या वेळचा “व्हय” सतरंजीवरून आला, एका तात्यांचा. मग चारपाच जणांचा. “आता देवाला पाठ दाखवून निघायचं,” आई म्हणाली, तेव्हा एक म्हातारी डोळ्याला पदर लावून मोठ्यानं बोलली, “व्हय गं बाई, व्हय.” आई शेवटपर्यंत कुठं अडली नाही. ही माझी आई, असं मी विंगेतल्या प्रत्येकीला सांगत सुटले, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

पडदा पडल्यावर चुलती भाला आपटत माझ्याकडे आली.

“मी तोंड उघडलं न्हाय हां. पयला व्हय कुणाचा, त्ये तूच सांग मास्तरीणबाई.”

“माझा,” मी मान वर करून म्हटलं.