मिशाळच्या घरची फरशी

न्हाणीघराची फरशी बसवून झाली की ढाळकाका घरमालकाला बोलवायचे, त्याच्याच हातून बादलीभर पाणी जमिनीवर ओतून घ्यायचे आणि हाताची घडी घालून दाराशी उभे राहायचे. पाणी कुठेही न रेंगाळता सरळ जाळीकडे निघायचं. मालक काही बोलण्याआधी काकाच बोलायचे, "पाण्याला सांगावं लागत नाही." फरशीचा तो डोळ्याला न दिसणारा उतार, म्हणजे ढाळ, त्यांच्याइतका चोख कुणाला जमत नसे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव बायकोही विसरली असावी. ती 'अहो' म्हणते आणि तेवढ्यावर भागतं.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी काम सोडलं. घरी बसल्यावर पहिल्यांदाच त्यांचं लक्ष काकूंच्या माशांच्या टाकीकडे गेलं. बैठकीच्या खोलीत, ऊन येत नाही त्या भिंतीला, लोखंडी स्टँडवर ती बरीच वर्षं होती. वरच्या पाण्यात चिमुकल्या चमकत्या माशांचा थवा, आणि तळाशी अंगठ्याएवढे, मिशावाले, दिवसभर जमीन हुंगत फिरणारे चार-पाच मासे. त्यांतला सगळ्यात जुना तो मिशाळ. काकू त्याच्याशी बोलत. काकांच्या मते नवऱ्याशी बोलत त्यापेक्षा जास्त, आणि बऱ्या सुरात.

काकूंचा खांदा धरला आणि अडचण सुरू झाली. हात वरच जाईना, तर टाकीत कुठून जाणार? टाकीच्या तळाला वाटाण्याएवढी निळी खडी होती. माशांचं उरलेलं खाणं आणि घाण तिच्या फटींत उतरायची आणि तिथेच कुजायची. अख्खी खडी ढवळून नळीने घाण ओढून काढल्याशिवाय वास जात नसे. काकूंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. "तू घेऊन जा बाई टाकी. तुझ्याकडे जागा आहे, करणारी माणसं आहेत." बहीण लगेच हो म्हणाली.

हे ऐकून काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. संध्याकाळी दोघं त्या टाकीसमोर बसत. दिवसभरात तेवढाच वेळ घरात वाद नसे. टाकी गेली तर रिकाम्या भिंतीसमोर बसून काय बोलायचं? अर्थात हे ते बोलले नाहीत. बोलले ते असं: "तळ साफ राहत नाही, एवढंच ना? म्हणजे फरशीचा प्रश्न. घरात फरशीचा माणूस बसलेला असताना तू बहिणीला फोन करतेस?"

"अहो, ती टाकी आहे. न्हाणीघर नाही."

"जमीन ती जमीन."

"बरं. ती महिनाअखेरीला येतेय. तोवर करा काय करायचं ते. पण मिशाळला काही झालं, तर टाकी गेली म्हणून समजा."

काकांनी मासे जुन्या पाण्यासकट टबात काढले, निळी खडी उपसली आणि माळ्यावरून संगमरवराच्या खडीचं पोतं उतरवलं. जुन्या कामातली उरलेली, पांढरीशुभ्र, दातेरी. थापीने ठोकून ठोकून त्यांनी ती इतकी घट्ट बसवली की फटीत सुई जाऊ नये. आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे ढाळ दिला. सगळी घाण आपोआप कोपऱ्यात यावी, तिथून उचलली की काम संपलं. शेजारच्या बाई येऊन पाहून म्हणाल्या, "अगदी हॉटेलात आल्यासारखं वाटतंय हो." काकांना तो दिवस चांगला गेला.

घाण कोपऱ्यात आली नाही. जिथे पडली तिथे बसली. ढाळ चोख होता, पण पाणी वाहत नव्हतं. वाहून जाणार कुठे? न वाहणाऱ्या पाण्यासाठी काकांनी आयुष्यात फरशी केलेली नव्हती. त्यात पांढऱ्यावर काळं. पूर्वी घाणीचा नुसता वास यायचा, आता ती दारातूनही दिसू लागली.

थोड्याच दिवसांत मिशाळ एका जागी बसून राहू लागला. काकूंनी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं.

"अहो, याच्या मिशा कुठे गेल्या?"

"वय झालं असेल."

"तुमच्या नाही गेल्या त्या!"

काका खिशात मूठभर खडी घेऊन मासेवाल्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक खडा बोटांत फिरवला.

"काका, या माशाचा हात म्हणा, नाक म्हणा, त्या मिशाच. जमीन चाळून चाळून खातो तो. तुम्ही त्याला फुटक्या काचेवर जेवायला बसवलंय. शिवाय हा संगमरवर. हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फेस येईल."

थेंब टाकायची गरज नव्हती. संगमरवरावर लिंबू सांडू नका, दगड खाल्ला जातो, हे काकांनी उभ्या आयुष्यात किती घरच्या बायकांना दरडावून सांगितलं होतं. फक्त माशांच्या बाबतीत ते त्यांना आठवलं नव्हतं. माणूस अशा वेळी दुसऱ्याची चूक शोधतो.

"आणि तुमची ती निळी खडी? ती बरी होती?"

"छे! तिचा तर रंग सुटतो."

"मग विकता कशाला?"

"लोक रंग मागतात, काका. मासे कुठे दुकानात येतात?"

दुकानदार वाळूबद्दल काही सांगू लागला होता, पण काका पायऱ्या उतरले होते. वाळू ही फरशीखाली घालायची वस्तू. वाळू उघडी दिसली म्हणजे काम अपुरं आहे, यात त्यांच्या मते चर्चेला जागा नव्हती. त्यांनी वेगळा तोडगा काढला. खडी नको, काहीच नको. नुसती काच. फडकं मारलं की लख्ख.

लख्ख झालीही. माशांना खाली दुसरे मासे उलटे पोहताना दिसू लागले आणि वरचा थवा घाबरून फिल्टरमागे जाऊन दडला. मिशाळ काचेला तोंड लावायचा, थांबायचा, पुन्हा लावायचा, जेवायच्या सुट्टीत बंद झालेल्या खिडकीपुढे उभ्या माणसासारखा.

"पॉलिश झकास आहे," काकू म्हणाल्या. "राहणाऱ्यांना आवडलेलं दिसत नाही."

महिना सरत आला होता. काका मुकाट दुकानात गेले आणि आधी चिमूटभर वाळू मागून घेतली. मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिली. टोचली नाही, दाणा गोल होता. व्हिनेगर टाकून पाहिलं. फेस नाही. दुकानदाराने बजावलं, "बोटभर जाडीच्या वर घालू नका, नाहीतर खाली घाण वायू कोंडतो. आणि धुताना साबण नको, नुसतं पाणी." काकांनी गच्चीत बसून तांदूळ धुवावेत तशी वाळू धुतली. वरचं पाणी गढूळ येतंय तोवर धुतली. मग टाकीत पसरून सरळ पट्टीने एकसारखी केली. ढाळ दिला नाही. मनातून थोडा देऊन पाहिला, एवढंच.

मासे परत सोडले. मिशाळ तळाशी उतरला, जरा थबकला, आणि त्याने डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसलं. कल्ल्यांतून वाळू भुरभुर बाहेर आली. मग दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सपाट जमिनीवर खड्डे आणि ढिगारे झाले होते. काका पट्टी घेऊन उठले.

"हात लावाल तर बघा," काकू म्हणाल्या.

काका बसले. त्या संध्याकाळी काकू मिशाळशी बोलत होत्या आणि काका खड्ड्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. वाद झाला नाही.

मेहुणी ठरल्याप्रमाणे आली, झाकणाची नवी बादली घेऊन. टाकीपुढे वाकून म्हणाली, "भाऊजी, हे काय? तुमच्या घरात असली खड्ड्याखड्ड्यांची जमीन?"

"राहणाऱ्यांची पसंती," काका म्हणाले.

मिशाळच्या मिशा खुंटलेल्याच होत्या, पण आणखी झिजल्या नव्हत्या, आणि तो जागेवर बसत नव्हता. काकूंनी ते रोज पाहिलं होतं. त्या खुर्चीत टेकल्या. "अहो, जरा साफ करून दाखवा हिला."

आता घाण फटींत जात नव्हती. वाळूवरच पडून राहत होती. काका टाकीशी उभे राहिले, नळीचं तोंड वाळूच्या बोटभर वर धरून हळूहळू फिरवू लागले. घाण नळीत शिरली, वाळू खालीच राहिली. दुसरं टोक हातात धरून त्यांनी मान वळवली. "अगं, बादली?"

काकूंनी धड हाताने बहिणीची बादली पुढे सरकवली आणि झाकण काढलं.

"ताई! ती मासे न्यायला आणलीये मी!"

"असू दे," काकू म्हणाल्या. "माशांचंच पाणी आहे ते. आणि अहो, डाव्या कोपऱ्यात राहिलंय अजून."