शेजारचा स्लॉट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही उद्या आमच्या संस्थेच्या जिन्यात समोर येणार नाही.

संस्था कसबा पेठेत. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी नऊ ते दहा आमचे स्वयंसेवक फोन करतात. "चहा झाला का?" एवढंच विचारायचं. पलीकडून आवाज आला की यादीत नावापुढे टिक. आवाज आला नाही, तर कुणीतरी घरी जाऊन बघायचं. मी तिथे टेलिफोन ऑपरेटर होते — बरीच वर्षं.

जुनं एक्स्चेंज सारखं बंद पडायला लागलं, तेव्हा ओपन सोर्स टेलिफोन सिस्टीम बसवू, ही कल्पना माझी. कुणालाही फुकट घेता येते, उघडून बघता येते, शिकता येते. मी शिकले. खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये, मुलीच्या टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर, सहा महिने चालवून बघितली. काय चुकतं, कशानं सुधारतं, सगळं वहीत लिहिलं. ती वही मी देवधर सरांना दिली — आमचे आयटी प्रमुख. त्यांनी तिच्यातून सुबक स्लाइड केल्या, समितीपुढे मांडल्या, शाबासकी घेतली. आणि माझं नाव? मी मध्येच काही सांगायला गेले, तर भर बैठकीत म्हणाले, "अहो बाई, आपण फोन उचला. यंत्राचं आम्ही बघतो." सगळे हसले. चहा आणणारे मामासुद्धा.

ते हसणं मी विसरले नाही. तुम्ही विसरला असता?

महिन्याभरानं हेच देवधर माझ्या टेबलापाशी आले. एकटे. हातात सर्व्हरची माहितीपुस्तिका आणि कोणतं कार्ड कुठे बसवायचं याचं रेखाटन. "एकदा नजर टाकता का? उद्या ऑर्डर द्यायचीय." आवाज चक्क मऊ होता.

आता इथे थोडं यंत्राचं सांगावं लागेल. फोनच्या लाइनचं कार्ड सर्व्हरला सेकंदाला हजार वेळा हाक मारतं, आणि प्रत्येक हाकेला वेळच्या वेळी ओ मिळावी लागते. डिस्कचं कार्डही त्याच वाटेनं हाका मारायला लागलं की ओ चुकते आणि आवाज तुटतो. एका कॉलला काही कळत नाही. वीस कॉल एकदम चालू आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग डिस्कवर उतरतंय — मग कळतं. पुस्तिकेत मागे तक्ता होता, कोणत्या स्लॉटची — कार्ड बसवायच्या खाचेची — वाट कोणती ते सांगणारा. सरांनी दोन्ही कार्डं एकाच वाटेवर बसवली होती. शेजारच्या स्लॉटची वाट मोकळी होती.

मला ते बघताक्षणी दिसलं. मी पान उलटलं, परत मागे आणलं, विचार केल्यासारखं केलं. आणि म्हणाले, "उत्तम आहे सर. काही बदलायला नको."

माझ्या वहीत हे लिहिलेलं होतं. देवधरांनी स्लाइडपुरती पानं वाचली, ते पान वाचलं नाही — असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! पण ते विचारायला आले होते ना? विचारलं होतं ना मला?

सर्व्हर आला. हार घातला, नारळ फोडला. अध्यक्षांनी पहिला फोन लावला, आवाज अगदी स्वच्छ, टाळ्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. एका कॉलला काही होणार नाही, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तक्रारी सुरू झाल्या. खरखर, अर्धे शब्द, मध्येच कट. देवधर घामाघूम होऊन केबली बदलत होते, टेलिफोन कंपनीशी भांडत होते. मला गोड वाटत होतं. खोटं कशाला बोलू — घरी जाताना मी मिठाई घेतली. आणखी आठवडाभर नाचू दे, मग सांगू, असं ठरवलं.

पाचव्या दिवशी आमच्या यादीतल्या वसुधाकाकू पडल्या. शनिवारवाड्यामागे एकट्या राहायच्या. न्हाणीघरातून सरपटत बाहेर आल्या, तेवढ्यात आमचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला. नंतर ते रेकॉर्डिंग मीच काढलं, ते माझंच काम. "मी पड—" मग खरखर. मग "कुणाला तरी—" मग काहीच नाही. फोन हातातून निसटून पलंगाखाली गेला होता. स्वयंसेविकेला आवाज आला होता. रोजचीच खरखर, असं वाटून तिनं टिक केली.

संध्याकाळी कामवाली आली, तोपर्यंत काकू फरशीवर होत्या. खुबा मोडला. घर सुटलं. आता मांजरी गावातल्या वृद्धाश्रमात असतात.

समितीनं देवधरांना उभं केलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. ते म्हणाले, "निवड माझी होती." मोठेपणा म्हणता? छे. ऑपरेटरला विचारलं होतं, हे कबूल करायला त्यांची जीभ रेटली नसती. त्यांना काढलं. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

ते गेले त्या दुपारी मी सर्व्हर बंद केला, एक स्क्रू काढला, कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवलं. दहा मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात देवधरांची खुर्ची मला मिळाली.

काकूंना सकाळचा फोन आता मीच करते. चहा झालेला असतो. मग त्या न चुकता म्हणतात, "आता आवाज किती स्वच्छ येतो गं. त्या मेल्या साहेबानं कसलं यंत्र आणलं होतं कोण जाणे. तू होतीस म्हणून बरं."

मी म्हणते, "हो काकू." आणि टिक करते.