आमच्या ह्यांना टीमने काढलं तेव्हा

आमचे हे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, पण लोणावळ्यात सगळे त्यांना मॅनेजर म्हणायचे. बास्केटबॉलच्या टीमचे मॅनेजर. उंची म्हणाल तर माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. स्वतः त्यांनी जाळीत बॉल टाकलेला मी कधी पाहिला नाही. पण कॉलनीमागच्या पडीक जागेवर इंजिनांची राख आणून, ती चोपून मैदान त्यांनीच केलं होतं. रिंगचे खांब म्हणजे जुन्या रुळांचे तुकडे. त्या राखेत पडून पोरांचे गुडघे काळे व्हायचे. पुण्याच्या टीमा चिडवायच्या, "आले कोळसेवाले!" पुढे हेच कोळसेवाले त्यांना हरवायला लागले, तसं गावाला वेड लागलं. मॅच असली की बाजारातली निम्मी दुकानं लवकर बंद.

टीममधला सगळ्यात उंच मुलगा जवळच्याच औंढे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. बाजारात भाताची पोती उतरवताना ह्यांनी त्याला पाहिलं आणि तसंच घरी घेऊन आले. मला म्हणाले, "ह्याचे हात बघ." मी हात बघितले आणि पीठ जास्त मळलं. त्या दिवसापासून खेळ संपला की तो आमच्याकडेच जेवायचा.

मग टीमला नवे अध्यक्ष मिळाले. हॉटेलवाले, पैसेवाले. त्यांनी सिमेंटचं मैदान करून दिलं, तेव्हा हे लहान मुलासारखे अनवाणी त्यावर फिरून आले. नंतर अध्यक्षांनी पुण्याच्या कॉलेजातले खेळाडू आणायचं काढलं. हे म्हणाले, "आणा की. पण त्यांच्यासाठी आपली पोरं बसवायची नाहीत." भांडण म्हणाल तर एवढंच. आवाजही चढला नव्हता.

त्यानंतर मोठ्या स्पर्धेत आमची टीम शेवटच्या मॅचला हरली. पुढच्या रविवारी मैदानावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं : मॅनेजर वैयक्तिक कारणामुळे टीममधून मुक्त होत आहेत. ह्यांनीही ते तिथेच वाचलं. घरी आले, चप्पल काढली आणि मला विचारलं, "माझं वैयक्तिक कारण काय गं?"

त्या आठवड्यात गावाला दुसरा विषय नव्हता. गिरणीत दळण टाकून मी उभी असायची आणि पलीकडच्या चहाच्या दुकानातलं सगळं ऐकू यायचं. कुणी म्हणायचं, अध्यक्षांनी घात केला. कुणी म्हणायचं, बरं झालं, मॅनेजर जुन्या वळणाचा माणूस, शेवटच्या मॅचला दमलेली पोरं बदलली नाहीत. शेडमधला एक जण, ज्याच्या मुलाच्या बारशाला मी दिवसभर राबले होते, तो छातीठोकपणे सांगत होता की ह्यांनीच तळेगावच्या कारखान्याच्या टीमशी बोलणी केली आहेत. गिरणीवाल्याने मला पाहिलं आणि गिरणी आणखी जोरात सोडली, म्हणजे मला पुढचं ऐकू येऊ नये.

बहिणीकडे वडगावला निघाले तर एसटीतही तेच. पुढच्या बाकावर खेड्यातले दोघे होते.

"आरं, त्यो मानूस सोन्यासारका. काडलाय त्याला."

"काडतंय कोन? त्योच गेला. तळेगाववाल्यांनी नोकरी दिली म्हनं."

"मंग शेडात कसा दिसतो?"

"दाखवायला जातो रं. लय पोचल्याला हाय."

पहिल्याने मागे वळून मला विचारलं, "मावशी, तुमी लोनावळ्याच्या न्हवं? खरं काय हाय?"

मी म्हटलं, "त्या माणसालाच कुणी विचारलंय का?"

दुसरा हसला. "त्याला काय इचारायचं? त्यो काय खरं सांगनार हाय व्हय?"

मी खिडकीकडे तोंड केलं. इतका राग आला होता की वडगावचा स्टँड आलेला कळला नाही, कंडक्टरने उठवलं.

आणि इकडे घरी हे रोज संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कुणीतरी येईल, विचारेल, असं त्यांना वाटत होतं. रस्त्याने लोक जायचे, लांबूनच मान हलवायचे आणि दहा पावलं पुढे गेले की आपसात बोलायला लागायचे. ह्यांच्यावर अख्ख्या गावाचं मत होतं, पण ओट्यावर चढायला कुणाला सवड नव्हती.

आला तो फक्त औंढ्याचा. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भाऊ, तुमी न्हाई तर आमी बी न्हाई. सोडतो टीम."

"गाढव आहेस," हे म्हणाले. "खेळ सोडायचा नाही. माझी शपथ आहे."

तो जेवून गेला. त्याने शपथ पाळली. दोन-तीन महिने सिमेंटच्या मैदानावर घाम गाळत राहिला, आणि पुण्याची पोरं आल्यावर अध्यक्षांनी त्याला बाकावर बसवला, मग बाकावरूनही उठवला. त्याच्यासाठी फळ्यावर एक ओळदेखील कुणी लिहिली नाही. चहाच्या दुकानात तेव्हा चर्चा होती ती पुण्याहून आलेल्या डावखुऱ्या मुलाची. काय उडी आहे, काय नेम आहे!

त्या वर्षी टीम जिंकली. मिरवणूक आमच्या कॉलनीतून गेली. गुलाल उडाला. जे लोक अध्यक्षांनी घात केला म्हणत होते, तेच अध्यक्षांना खांद्यावर घेऊन नाचत होते. हे आत पेटीतली हत्यारं पुसत बसले होते. मी दार लावायला गेले तर म्हणाले, "असू दे उघडं." म्हणून उघडं ठेवलं. कुणी आत पाहिलं नाही.

पुढे एकदा बाजारात औंढ्याच्या त्या मुलाची आई भेटली. पाटीत वांगी घेऊन बसली होती. मी आपुलकीने विचारलं, कसा आहे तो.

"कसा असनार?" ती म्हणाली. "तुमच्या मालकांनी नादाला लावला. चार वर्सं चेंडू आपटला. तवर धाकट्यानं शेत हातात घेतलं. आता हा ना घरचा, ना खेळाचा. दीस दीस बांधावर बसून ऱ्हातो."

बाई खोटं बोलत नव्हती, आणि खरंही बोलत नव्हती. मी वांगी घेतली. तिने दोन वर टाकली, तरी माझ्याकडे पाहिलं नाही.

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी अध्यक्षांबद्दल उभ्या आयुष्यात वाईट शब्द काढला नाही, म्हणून लोक म्हणायचे, बघा, त्यांना काही वाटलंच नव्हतं. मला वाटलं होतं. अजून वाटतं.