आज एकही लिंबू चोरीला गेलं नाही

मित्रहो, आज आमच्या अंगणातलं एकही लिंबू चोरीला गेलं नाही. या अन्यायाची दाद कुठं मागावी?

शेजारचे आबा रोज पहाटे फाटक ढकलून येतात आणि झाडाखाली पडलेली लिंबं वेचून नेतात. मी खिडकीतून म्हणतो, "आबा, चोरी न करणं हे शास्त्रानं व्रत मानलंय. अस्तेय म्हणतात त्याला."

ते लिंबू खिशात टाकत म्हणतात, "गुरुजी, फांदीवरचं तुमचं, भुईवरचं माझं. झाडानंच वाटणी केलीया. मधी संस्कृत नगं."

आज नऊ वाजले तरी पिवळी लिंबं आळ्यात तशीच. मी तीनदा बघून आलो. शेवटी बायको म्हणाली, "लिंबांकडं काय बघताय? आबांकडं जाऊन बघा की."

गेलो. त्यांची सून दारातच उभी होती. "काका, मामंजींच्या छातीत लई कळ आली. पहाटंच सोलापूरला नेलंय."

आता दुपार झाली. लिंबं मी उचललेली नाहीत, ती आबांच्या वाटणीची आहेत. तुमच्याही अंगणात असा कोणी हक्काचा चोर येतो का?

सोलापूरहून अजून फोन आलेला नाही. मला भीती वाटतेय.