खिशातला फ्यूज

इलेक्ट्रिशियनच्या घरात वायरचा तुकडा कधी टाकून देत नाहीत. वीतभर असला तरी "लागेल कधीतरी" म्हणून डब्यात जातो. किश्श्यांचंही तसंच. आमचे हे नौदलात, जहाजावर इलेक्ट्रिशियन. हे समुद्रात आणि मी कळव्याच्या चाळीत, अशी यांची पंधरा वर्षांची नोकरी काढली. तुकडे साठणारच!

पुढे वर्तकनगरला फ्लॅट घेतला. तिथे जुने चिनी मातीचे फ्यूज नव्हते, आपोआप पडणारे नवे खटके होते. पहिल्याच दिवशी हे मीटरपाशी उभे राहून म्हणाले, "यात खिशात घालण्यासारखं काहीच नाही गं!"

आता हे नाहीत, पण ते वाक्य रोज आठवतं. ते कळायला जहाजावरचा नियम सांगायला हवा. तिथे मशीन उघडण्याआधी त्याचा फ्यूज उपसायचा आणि आपल्याच खिशात ठेवायचा. म्हणजे आपले हात आत असताना दुसरा कुणी चालू करणार नाही. ज्याने काढला त्यानेच लावायचा. तोवर कप्तान आला तरी त्याने थांबायचं!

घरीही तोच कायदा.

*

लग्नाला चार महिने झाले होते. हे सुट्टीवर आलेले, स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवत होते. तेवढ्यात तार आली, जहाज लवकर सुटतंय, ताबडतोब या. हे होते त्या शर्टावर बॅग उचलून धावले.

दिवेलागणीला मी बटण दाबलं, काही नाही. बोर्ड पाहिला, तर फ्यूजच्या जागी भोक! फ्यूज बसला होता बोटीत!

शेजारच्या कदमवहिनी म्हणाल्या, "आमच्याकडची मेणबत्ती घे, उद्या कुणाला तरी बोलावू." मी कुणाला बोलावते? मी चौथी पास, पण डोकं काही चौथीत सोडून आले नव्हते. दुकानात गेले आणि फ्यूज मागितला.

दुकानदार म्हणाला, "ताई, घरात पुरुषमाणूस नाही का?"

म्हटलं, "आहे ना. फ्यूज त्याच्याच खिशात आहे!"

त्याच्याकडूनच फ्यूजमध्ये तार कशी ओवायची ते बघून घेतलं आणि घरी येऊन बसवला. उजेड पडला तेव्हा मी एकटीच बघायला होते.

तीन आठवड्यांनी यांचं पत्र आलं. लग्नानंतरचं पहिलं पत्र! दार लावून वाचायला घेतलं. पहिलीच ओळ : "फ्यूज माझ्याजवळ सुखरूप आहे, काळजी नसावी."

*

मी खाडीवरच्या कोळ्याची मुलगी. आई मला टोचायची, "आमचा मानूस भरतीला जातो नि भरतीला येतो. तुजा कुठल्या भरतीला येनार गो?"

मी म्हणायची, "माझा कॅलेंडरला येतो."

तोंडाने म्हणायची. कॅलेंडरकडे मात्र सारखं बघवायचं नाही, म्हणून ते दाराच्या मागे टांगलं होतं.

*

जहाज सगळं लोखंडाचं, कुठे करंट उतरला असेल सांगता येत नाही. म्हणून काहीही धरण्याआधी हाताची उलटी बाजू हळूच लावून बघायची. शॉक लागलाच तर मूठ आवळते, पण हात चिकटून बसत नाही. यांना ती सवयच लागलेली. दाराची कडी, पाण्याचा नळ, चहाची किटली, सगळ्याला आधी उलटा हात!

मुलगी झाली तेव्हा हे समुद्रात होते. घरी आले तेव्हा ती पाच महिन्यांची. पाळण्यापाशी गेले, वाकले, आणि तिच्या गालाला बोटांची उलटी बाजू लावली.

आई ओरडली, "अगो, तुजा नवरा पोरीला करंट हाय का बघतोय!"

सगळे हसले. हे हसले नाहीत. त्यांचा हात तसाच होता.

*

हे सांगायचे तो एक किस्सा. जहाजावर पोळ्यांची कणीक मळायचं मशीन अडखळत चालायला लागलं. यांचा जोडीदार पिल्ले याने फ्यूज काढला, खिशात टाकला आणि पार्ट आणायला खाली स्टोअरमध्ये गेला. तो गेला तो गेलाच!

आचारी कावला. "अरे, दुसरा फ्यूज लाव ना! सगळं जहाज उपाशी आहे!"

हे म्हणाले, "नाही लावणार. पिल्लेचा हात कुठे आहे ते मला दिसत नाही."

"अरे, तो इथे नाहीच!"

"दिसत नाही म्हणजे आत आहे असंच धरायचं."

दोन्ही हात कणकेने भरलेला आचारी पिल्लेला शोधत जहाजभर फिरला. पिल्ले स्टोअरमध्ये पेटीवर बसून बायकोला पत्र लिहीत होता! त्या दिवशी सगळ्यांनी भात खाल्ला.

*

त्या पहिल्या फ्यूजनंतर माझा हात थांबला नाही. यांची जुनी पुस्तकं चित्रं बघून बघून वाचली. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, चाळीतलं काही दुरुस्तीला बाहेर जाऊ दिलं नाही.

असेच एकदा हे सुट्टीवर होते. कदम दाराशी आले, "पंखा बंद पडलाय हो." हे टेस्टर घेऊन उठले. कदम म्हणाले, "तुम्ही बसा हो, आराम करा. वहिनींना पाठवा!"

मी पंखा करून आले. हे आमच्या खोलीतला मी केलेला एक जॉइंट ओढून बघत होते. म्हणाले, "पक्का आहे." मग टेस्टर पेटीत ठेवत, "म्हणजे माझं इथे काही काम उरलं नाही."

मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

*

कारण पुढच्याच सुट्टीत यांच्या नोकरीची पंधरा वर्षं भरत आली होती. घरी यायचं की नोकरी आणखी वाढवून घ्यायची, ते परत गेल्या गेल्या साहेबाला सांगायचं होतं. मला विचारलं, "काय करू?"

राहा म्हणायला जीभ उचलेना. मी कुणाकडे काही मागितलेलं नाही जन्मात. म्हटलं, "नोकरी तुमची. तुम्ही ठरवा."

सुट्टीची शेवटची संध्याकाळ. हजर व्हायचं सकाळी, पण हे नेहमी आदल्या रात्रीच निघायचे. युनिफॉर्म चढवला, बुटांच्या नाड्या आवळल्या, बॅग दाराशी ठेवली. आणि पंखा थांबला, दिवा गेला.

हे बोर्डापाशी आले. "फ्यूज कुठाय?"

मी कमरेला खोचलेला दाखवला. "काम चालू आहे."

यांनी खोलीभर पाहिलं. ना स्टूल, ना पक्कड, ना टेस्टर.

"कुणाचं काम?"

"माझं."

पॅसेजमधून कदम ओरडले, "काय हो, अंधार कसा? आमच्याकडे फ्यूजची तार आहे, देऊ का लावायला?"

हे बोर्डापासून माझ्यापाशी आले. मग बोटांची उलटी बाजू माझ्या गालाला लावली.

"नको, कदम," हे म्हणाले. "हिचा हात आत आहे."

आणि उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.